दोन नंबरवर थांबलेला ड्राइव्ह

च्याईच्या बाजारात युएयिंगला फसवणं सोपं नाही, हे मासेवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. साठीला टेकलेली बाई, सकाळच्या नाश्त्याचं दुकान एकटीच्या जिवावर चालवते, सोयाबीनचं दूध घरी दळते, आणि दळायचं यंत्र अडलं तर मेकॅनिकची वाट न बघता स्वतःच उघडून बसते. आमच्या गल्लीत ती सगळ्यांची यिंगमावशी. त्यामुळे संगणकाच्या दुकानात शिरून ती म्हणाली, "डीव्हीडी ड्राइव्ह दाखव, आणि उगाच भारीतला गळ्यात मारू नकोस," तेव्हा दुकानदार लाईशेठनं निमूटपणे खुर्ची पुढे केली.

ड्राइव्ह हवा होता तो वडिलांसाठी. आपांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. हयात सगळी साखर कारखान्याची रुळांवरची उसाची गाडी चालवण्यात गेली. बायको गेली आणि त्यांनी बोलणंच टाकलं. विचारलं तर हुं, वाढलं तर हुं, भांडायला गेलं तरी हुं. घरात माणूस आहे की कपाट, असं युएयिंगला वाटायला लागलं होतं आणि आतून ती फार घाबरली होती. आपांची शाळा आमच्या बेटावर जपानी अंमल होता तेव्हाची, जपानी सिनेमांवर त्यांचा जीव. तिच्या मुलानं शिनचूला नोकरीला जाताना मागे टाकलेला संगणक घरात पडलेलाच होता. सिनेमे दाखवले तर माणूस बोलता होईल, एवढाच तिचा हिशेब.

लाईशेठनं सगळ्यात वेगवान ड्राइव्ह काढला. ती म्हणाली, "मला काय शर्यत लावायचीय?" त्यानं तबकडीवर लिहिणारा काढला. ती म्हणाली, "मी वाचणारी बाई, लिहायचं काय त्यात?" मग तिनं पिशवीतून स्वतःची तबकडी काढली, गल्लीतल्या पोरांनी फरशीवर घासून घासून पार वाट लावलेली, आणि एकेका ड्राइव्हमध्ये ती घालायला लावली. ट्रे बाहेर येतो तो अडखळतो का, हे बोट लावून पाहिलं. तबकडी फिरताना कान जवळ नेला. दोन ड्राइव्ह घरघर करत होते, तिसऱ्यानं ओरखडे गिळून चित्र दाखवलं आणि आवाजही केला नाही. "हा," ती म्हणाली.

"मावशी, एक लक्षात ठेवा," लाईशेठ म्हणाला. "तबकड्यांना देशादेशाचे नंबर असतात. आपली तीन नंबरची, जपानची दोन नंबरची. हा एका वेळी एकच नंबर मानतो. आत्ता तीनवर आहे. बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो जन्माचा."

"लग्नापेक्षा बरं की. तिथं कुठं पाच वेळा मिळतं?"

घरी येऊन तिनं संगणकाच्या पेटीचं झाकण काढलं, सपाट केबलची लाल कड बघून बसवली, चार स्क्रू आवळले, आणि पेटीवर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवली. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतातच ती, आणि हिरवीच लागते. पहिल्या झटक्यात ड्राइव्ह सुरू झाला, त्याचं तिला काही विशेष वाटलं नाही.

पण आपा काही बोलले नाहीत. भाड्यानं आणलेले जपानी सिनेमे इथल्या आवृत्तीतले, खाली चिनी अक्षरं. युएयिंग अक्षरं वाचायची, आपा बघता बघता पेंगायचे. पैसे पाण्यात गेले, असं ती लाईशेठला तोंडावर सुनावून आली, बिचाऱ्याची काही चूक नसताना.

मग जपानहून, कोबेच्या आत्याचं पार्सल आलं. आपांची धाकटी बहीण तिकडे दिलेली, तिनं भावासाठी थेट तिथल्याच तबकड्या पाठवल्या होत्या. यंत्रानं नंबर बदलू का विचारलं, युएयिंगनं हो म्हटलं. होड्या बांधणाऱ्या सुताराचा जुना, कृष्णधवल सिनेमा लागला. खाली एक अक्षर नाही. युएयिंगला जपानी ओ की ठो कळत नव्हतं. थोडा वेळ तिनं कळ काढली आणि मग आपांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आपा, ही बाई काय म्हणतेय?"

आपा पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "ती विचारतेय, गाडी इथं थांबते का?"

किती दिवसांनी सबंध वाक्य आलं होतं. युएयिंगनं हातातली भाजी खाली ठेवली. "मग? तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, थांबत नाही, पण तू पेरू घेऊन बसणार असशील तर हळू घेईन."

त्या दिवसापासून दुपारी दुकान बंद झालं की बापलेक संगणकापुढे. आपा रोज थोडंच सांगायचे आणि मग डोळे मिटायचे, पण सांगायचे ते असं रंगवून की शेजारीणही भांडी घासायची थांबायची. मुलगी रुळाजवळ पेरू विकते, तो गाडी हळू करतो, कारखान्याचा साहेब शिव्या घालतो, तिच्या बापाला हा काळासावळा जावई नको आहे. पडद्यावर पेरू कधी दिसले नाहीत, पण काळ्यापांढऱ्या चित्रात कुणाच्या टोपलीत काय आहे, बघतो कोण? आपा दोन घास जास्त जेवायला लागले. युएयिंगची छाती गावभर फुगली. ड्राइव्ह निवडावा तर तिनंच, असं लाईशेठलाही कबूल करावं लागलं.

मधे तिला तिची मालिका बघायची हुक्की आली म्हणून नंबर एकदा तीनवर नेला, आपांसाठी परत दोनवर आणला. अशात भाड्याच्या दुकानात तिला तोच सुताराचा सिनेमा दिसला, खाली चिनी अक्षरं असलेला. शेवट काय होतो या विचारानं ती नुसती तळमळत होती. आपा न्हाव्याकडे गेले होते. यंत्रानं बजावलं की यापुढे एकच बदल उरेल. "बरं बरं," असं त्याला म्हणून तिनं तीन नंबर लावला.

सिनेमात एकही पेरू नव्हता. गाडी नव्हती, रूळ नव्हते, साहेब नव्हता. जिथं आपा म्हणाले होते की तो तिला पेरू गोड असल्याचं सांगतोय, तिथं सुतार म्हणत होता, लाकूड ओलं आहे, होडी गळेल. जिथं ती म्हणाली होती, बाबांना मी समजावते, तिथं खाली अक्षरं होती, माझं लग्न दुसरीकडे ठरलंय. मग युएयिंगला आठवलं. उसाच्या गाडीच्या रुळांना लागून पेरूची बाग होती ती तिच्या आईच्या माहेरची.

आपा न्हाव्याकडून आले आणि पाठमोरे बसले. "आपा," तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग पातेल्याचं झाकण फरशीवर आपटलं. त्यांनी मान वळवली नाही. ते सगळे हुं कुठून आले, ते तिला तेव्हा कळलं. कान गेले होते आणि मानी माणसानं कुणाला सांगितलं नव्हतं. आपण माशाचे कल्ले उघडून बघतो, ड्राइव्हला कान लावतो, आणि सख्ख्या बापाचे कान गेलेले कळले नाहीत, याची तिला लाज वाटली. ती मोरीत जाऊन रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

दुसऱ्याच दिवशी आपांना दवाखान्यात नेऊन तिनं कानाचं यंत्र घेतलं. आपा कुरकुरले, पण घालायला लागले. दुकानात बसून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायला लागले. दुपारी युएयिंगनं कोबेची तबकडी ट्रेमध्ये ठेवली. आपांनी खुर्ची ओढली, कानातलं यंत्र काढलं, नीट पुसलं आणि खिशात टाकलं.

युएयिंगनं ते पाहिलं. संगणक विचारत होता, हा शेवटचा बदल आहे, नक्की ना? तिनं हो म्हटलं. ड्राइव्ह जन्माचा दोन नंबरवर गेला, आणि या घरात तो सिनेमा अक्षरांसकट बघायची सोय संपली.

नव्या वर्षाला मुलगा आला, झ्येहोंग. सोबत नवा ड्राइव्ह. "आई, हा सगळे नंबर खातो. जुना काढून टाकू."

"नवाच डब्यात ठेव."

"अगं, तुला खालची अक्षरं वाचता येतील. नाहीतर काही कळत नाही तुला."

"मला सगळं कळतं. संत्री सोल तू."

दुपारी आपांनी कानातलं यंत्र खिशात टाकलं. पडद्यावर धक्क्यावर उभी राहून ती बाई समुद्राकडे बघत होती. युएयिंग आपांच्या कानाशी वाकली. "आता काय म्हणतेय?"

"म्हणतेय, मुलगी झाली तर नावात चंद्र हवा." आपा थांबून थांबून सांगत होते. "एकदा गाडीचा दिवा गेला होता. चांदण्यात त्यानं गाडी आणली, ती रुळाशी वाट बघत उभी होती. म्हणून."

युएयिंग या नावात चंद्र आहे. असलं जुनाट नाव का ठेवलं म्हणून तिनं लहानपणी आईचं डोकं खाल्लं होतं, तर आई म्हणायची, तुझ्या बापाला विचार. बापाला कधी विचारलंच नव्हतं.

"पण यात गाडी कुठंय?" झ्येहोंग म्हणाला. युएयिंगनं त्याच्या पायावर पाय दिला.

आपांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं, "मग? झाली का मुलगी?"

आपांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"झाली," ते म्हणाले. "फार आगाऊ निघाली."