टिंबकाकांचे जास्तीचे डाग

वेधशाळेत त्यांना सगळे टिंबकाका म्हणत, आणि त्यात कुणाचा दोष नव्हता. एखादा माणूस एकतीस वर्षं रोज सकाळी नऊ वाजता कागदावर टिंबं काढत बसला, तर लोकांनी त्याला दुसरं काय म्हणायचं?

काम सांगायला सोपं होतं. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट पाहिलं तर डोळा कायमचा जातो. म्हणून दुर्बिणीच्या मागे पांढरा कागद लावायचा. त्यावर बशीएवढा सूर्य उतरतो. मग त्यात जिथे काळा डाग दिसेल तिथे पेन्सिल टेकवायची. हे डाग म्हणजे सूर्याच्या अंगावरच्या थंड जागा. थंड म्हणजे काय, तर तिथेही लोखंडाची वाफ होईल. पण भोवतालचा सूर्य इतका तापलेला, की त्या बिचाऱ्या काळ्या दिसतात. साधारण अकरा वर्षांत हे डाग वाढतात आणि ओसरतात. हे कुणाला झटक्यात सुचलं नाही. चिवट माणसं वर्षानुवर्षं टिंबं काढत बसली, म्हणून कळलं.

शेजारच्या टेबलावर काकू बसत. त्याही याच नोकरीत, आणि काकांपेक्षा दोन वर्षांनी सीनियर. हे त्या घरीही विसरू देत नसत. दोघांनी एकाच सूर्याचे डाग वेगवेगळ्या कागदांवर काढायचे आणि पुरं होईपर्यंत दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही, असा नियम. कारण प्रत्येकाची नजर वेगळी. काकांना चार डाग दिसले की काकूंना पाच दिसायचे. शेवटी त्या काकांच्या कागदावर वाकत आणि म्हणत, "अहो, वर उजवीकडचं पिल्लू राहिलं की!"

काका म्हणत, कचरा असेल. काकू कागद जरा सरकवत. कचरा कागदाबरोबर सरकतो, सूर्यावरचा डाग जागचा हलत नाही. पिल्लू हलत नसे. काका चष्मा पुसायला घेत.

मागच्या वर्षी काकू गेल्या. आठवडाभराने काका कामावर आले. शेजारचं टेबल तसंच होतं, वर त्यांची उशी. ऑफिसने हिशोब बसवला: वेधशाळेची मोजणी काकूंच्या नजरेने चालत आली होती, तेव्हा ती तुटू नये म्हणून यापुढे काकांच्या आकड्याला सव्वाने गुणायचं.

काकांना हे माहीत होतं. तरी रोज आपले डाग काढून झाले, की त्यांची मान वर उजवीकडे वळायची. तिथे काहीतरी असणार. तिला दिसलं असतं. डोळे बारीक करून पाहिलं की असल्यासारखं वाटायचं, आणि पेन्सिल टेकायची. एक पिल्लू, मग दोन. ऑफिस त्यालाही सव्वाने गुणत होतं. म्हणजे काकू दोनदा मोजल्या जात होत्या.

सूर्य सगळ्यांचा एकच असतो, ही या धंद्यातली मोठी अडचण. बाकीच्या वेधशाळांचे आकडे एका वाटेने चालले होते आणि आपल्याच सूर्याला जणू कांजिण्या आल्या होत्या. आठ महिन्यांनी संचालकबाई कागदांचा गठ्ठा आणि त्याच दिवसांचे उपग्रहाचे फोटो घेऊन खोलीत आल्या. त्या काकूंच्या हाताखाली शिकलेल्या. उभ्याच राहिल्या, काकूंच्या टेबलापाशी बसल्या नाहीत.

"काका, हे डाग तुम्हाला दिसले?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग नाही म्हणाले.

बाईंनी स्पष्ट सांगितलं. हे असंच राहिलं तर आठ महिने फेकून द्यावे लागतील, आणि मग हाताने डाग काढणं बंदच करा म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. एकच मार्ग होता. काकांनी स्वतः प्रत्येक जास्तीचा डाग लाल रेघेने रद्द करायचा आणि शेजारी सही करायची.

कुठले न दिसताच काढले, हे काकांना पक्कं ठाऊक होतं; असे एकशे चाळीस डाग निघाले. काका तीन दिवस रेघा मारत होते. तिसऱ्या दुपारी, फोटोंशी ताडायला ठेवून घेतलेले काही कागद घेऊन बाई घाईघाईने आल्या.

"थांबा. यातले नऊ फोटोत आहेत. अगदी तुम्ही काढलेत तिथेच. हे राहू द्या."

काकांनी नऊही कागद समोर मांडले. एकशे चाळीस अंदाज केले तर नऊ लागणारच, हे त्यांना बाईंइतकंच कळत होतं. तरी लाल पेन्सिल काही केल्या उचलेना. एका कागदावरचा डाग तर वर उजवीकडेच होता.

"राहू द्या ना काका," बाई हळूच म्हणाल्या.

"हे तिला दिसले असते," काका म्हणाले. "मला नव्हते दिसले."

आणि त्यांनी एकेक करून नऊ रेघा मारल्या, इतक्या बारीक, की खालचं प्रत्येक टिंब लख्ख दिसत होतं. बाईंनी कागद उचलून पाहिला. काका म्हणाले, नियमच आहे तसा, खोडलेलं वाचता आलं पाहिजे.