पाठमोरं सूत

आत्या सूत कातायला बसल्या की घरातल्या सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी, म्हणजे गंगेकाठी बालाजी घाटाजवळच्या आमच्या घरी परत आलेल्या. सासरे पौरोहित्य करत, आणि त्यांच्या यजमानांना लागणारी जानवी आत्यांच्याच सुताची असत. नवरा म्हणे, त्या सोवळं पाळतात. मला वाटे, माझं तोंड बघवत नसेल. एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "भिंत मधेमधे बोलत नाही, म्हणून."

मी बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी लेकीकडे गोड बातमी आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला अक्कल येते असं म्हणतात. माझी तेव्हा रजेवर असावी. मी फोनवर जाहीर करून टाकलं, "बारशाला बाळाला मी स्वतः कातलेल्या लोकरीच्या शालीत गुंडाळायचं!" लेक म्हणाली, "आई, पक्कं ना? नाहीतर ऑनलाइन मागवते." त्या 'नाहीतर'ने मला डिवचलं. तोवर मी आयुष्यात टकळीला हात लावला नव्हता.

आत्यांनी शिकवायचं कबूल केलं, पण अट घातली. "माझ्या मागे बस. बघायचं नाही."

"न बघता शिकू कशी, आत्या?"

"सूत बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. चिमूट धर. टकळी फिरव. आता सोड. अगं, सगळं नाही सोडायचं!"

एका दमात धर आणि सोड. मी जिथे सोडायचं तिथे धरी, धरायचं तिथे सोडी. टकळी पायावर आदळे आणि आत्या भिंतीकडे बघूनच म्हणत, "पाय फुटला की सूत तुटलं? पाय असेल तर पुढे चाल."

महिनाभरात धागा निघायला लागला. कुठे सुतळीसारखा जाड, कुठे केसासारखा. पण गंमत अशी की सकाळी मंगला गौरीच्या देवळाच्या बाजूला भाजी आणायला जावं आणि परत आल्यावर टकळी निघताना होती त्याहून भरलेली दिसावी. मी गोंधळले. मग ठरवलं, आपला हात भराभर चालायला लागलाय, आपल्यालाच समजत नाही. स्वतःची पाठ थोपटली. तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या पारखणाऱ्या बाईला एका टकळीवरचे दोन हात ओळखता आले नाहीत!

खरा घोळ दुपदरी करताना झाला. दोन धागे एकत्र पिळायला घेतले की एक आवळून दोरीसारखा होई आणि दुसरा उलगडून हातात नुसती लोकर येई. कधी मात्र दोन्ही नीट बसत. मी दोष दिला लोकरीला, मग गंगेवरच्या ओल्या हवेला, मग माझ्या मोतीबिंदूला. बारसं तीन आठवड्यांवर आलं आणि मी मांडीवर गुंता घेऊन रडायला बसले.

तेव्हा आत्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. दोन्ही धागे बोटांत फिरवून पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "उगाच परेशान होऊ नकोस. तुझं काही चुकलं नाही. हा पीळ तुझा, हा उलटा माझा. तू बाजारात गेलीस की मीच थोडं कातत होते. वेळेत व्हावं म्हणून."

"पण उलटा का?"

त्यांनी डावा हात पुढे केला.

लहानपणी वडिलांनी तो परकराच्या नाडीला बांधून ठेवला होता. जेवण, कुंकू, आरती, सगळं उजव्या हाताने करायला त्या शिकल्या. टकळी तेवढी उजव्या हाताला वश होईना. भटजीच्या घरचं जानवं डाव्या हाताच्या सुताचं, हे कळलं तर भावाचे यजमान तुटतील, या धाकाने त्यांनी सारा जन्म भिंतीकडे बघून कातलं.

"कुणाला सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या गल्लीच्या खांद्यावर माझा डावा हात आहे."

मग दोघींनी बसून बोटांनी चाचपत धागे निवडले. त्यांचे त्यांच्याशी, माझे माझ्याशी. विणकराने शाल हातात देताना विचारलं, "माताजी, रंग तो एक ही था, यह धूप-छाँव कैसे बन गया?" तिरप्या उन्हात शालीवर दोन पिळांचे पट्टे उमटत होते, सरळ बघितलं की गायब. मी म्हटलं, "हो गया." बारशाला सगळ्यांनी माझ्या कलेची तारीफ केली. आत्या कौतुकाने मान डोलवत होत्या. मीही निर्लज्जपणे ती तारीफ घेतली.

मी शब्द पाळला. आता आत्या नाहीत, सासरे त्यांच्याही आधी गेले, आणि गल्लीतली जानवी दुकानातून येतात. म्हणून हे लिहिते आहे.

शेवटच्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू आणि वाचा गेली. "अरेरे, नेमका उजवाच हात!" जो येई तो हळहळे. नवरा चमच्याने भरवायला गेला की त्या ओठ घट्ट मिटून घेत. दोन दिवस पोटात काही नाही. नवऱ्याला वाटलं, त्यांनी जगायचं सोडलंय. तिसऱ्या दिवशी मी वरणभाताची वाटी उचलली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या डाव्या बाजूला ठेवली.

आत्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या माणसांकडे. मग हात वाटीत घातला. नीट घास केला, नीट तोंडात घातला. एक शीत सांडलं नाही.

नवरा थक्क. "या वयात, दोन दिवसांत डाव्या हाताने जेवायला शिकल्या! काय जिद्द आहे बघ!"

"आहेच मुळी," मी म्हटलं.

आत्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. त्यांना अजून भात हवा होता.