गादीची त्यांची बाजू

माझे पती एका मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, दाराशी चपला घालायला बसले आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

त्यानंतर घरात एका अंथरुणावरून जे घडलं, ते मला लिहायचं आहे. बोलून सांगणं मला जमत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथे फारसं बोलावं लागत नाही म्हणूनच ती मला मानवली, असं हे म्हणायचे.

आमच्या पलंगावर कापसाची गादी होती. दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली की पुन्हा फुगून वर यायची. पण पन्नाशीनंतर ह्यांची कंबर धरू लागली. शरीर जड, त्यामुळे झोपेत ते गादीत खोल जात आणि सकाळी पलंगाची कड धरून उठत. कुणीतरी त्यांना सांगितलं, की रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेला एक जाड थर मिळतो, लॅटेक्सचा. तो आहे त्याच गादीवर अंथरायचा. अमरावतीत मनासारखा मिळाला नाही. मग सासूबाईंना भेटायला अकोल्याला गेलो, तेव्हा तिथल्या एका दुकानात शिरलो.

दुकानात तीन पलंग मांडलेले होते. एकावर मऊ थर, एकावर मध्यम, एकावर कडक. ह्यांनी लगेच चपला काढल्या, कडक थरावर आडवे झाले आणि डोळे मिटले.

"ये ना," डोळे न उघडताच म्हणाले, "निजून पाह्य. निजाचे पैसे नाई घेत ते."

दुकानदार हसला. "मॅडम, सगळे असंच पाहतात. जोडीनं झोपून पाहा, मगच कळते."

दोन बायका शेजारी उशा बघत होत्या. रस्त्याच्या बाजूला सगळी काच, आणि काचेबाहेर रसवंतीवर उभे असलेले लोक. नवऱ्याशेजारी दिवसाढवळ्या असं आडवं होणं मला शक्य नव्हतं. घरीसुद्धा पाहुणे आले की मी पलंगावर बसत नसे. मी वाकले, कणीक दाबावी तसा तो थर तळहाताने दाबला आणि म्हणाले, "हाच चांगला आहे."

"हातानं निजते का तू?" हे म्हणाले. उशा बघणाऱ्या बायकांपैकी एक फिस्सकन हसली. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

थर घरी आला. ह्यांची कंबर महिनाभरात मोकळी झाली. मी मात्र कुशीवर झोपणारी आणि अंगाने बारीक. त्या थरात मी रुततच नसे. सगळा भार खांद्यावर आणि मांडीच्या हाडावर येई. हात बधिर होत. मी एक गोधडी घडी करून खाली घालायची आणि हे उठण्याआधी काढून ठेवायची. एका सकाळी त्यांना आधी जाग आली.

"हे काय वं?" गोधडीचं टोक धरून त्यांनी विचारलं. "मले सांगाले काय झालं होतं?"

"तुमची कंबर बरी आहे ना," मी म्हणाले.

ते तसेच अकोल्याला गेले. या वेळी मला नेलं नाही. दुकानदार वापरलेला थर परत घेईना, पण त्याने मऊ थराचा अर्धा तुकडा कापून दिला. आमचा कडक थर ह्यांनी घरी मधोमध कापला. पलंगावर त्यांच्या बाजूला कडक, माझ्या बाजूला मऊ, आणि दोन्हींवर मिळून एकच खोळ. तिला मधोमध चेन होती. उरलेला कडक अर्धा टोक दुमडून बाहेरच्या खोलीतल्या आखूड लाकडी तखतावर टाकला. दुपारी पेपर वाचायला तो बरा पडे. त्यानंतर आम्ही दोघंही शांत झोपलो. एकाच पलंगावर दोन माणसांना दोन प्रकारची गादी लागते आणि त्यात भांडणासारखं काही नसतं, हे मला तेव्हा कळलं. मी ते त्यांना बोलून दाखवलं नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, सेज देतात. गादी, उशी, चादर, छत्री, चपला. हे सगळं नवं आणायचं असतं. पण त्याचं वापरातलं अंथरूणही घरात ठेवत नाहीत, कुणा गरजूला देऊन टाकतात. तेरवीच्या आदल्या दिवशी घर भरलं होतं. सासूबाई, नणंद, दीर-जाऊ, शेजारपाजारच्या बायका. नणंद ह्यांच्यापेक्षा मोठी, सगळं हातात घेणारी. ती आमच्या खोलीत गेली, चादर उचलली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "अवं, ही तं दोन भागाची हाय! त्याची बाजू कोणती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीर होते, शेजारचे सर होते. मी उठून खोलीत जाऊन एका बाजूवर बोट ठेवायचं, एवढंच काम होतं. मला ते करवलं नाही. आणि मला ती बाजू द्यायची नव्हती. हे दुसरं कारण खरं होतं, पण मग ते सर्वांसमोर सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, "ते तिथे झोपत नव्हते."

"मंग कुठी निजे?"

"बाहेर. तखतावर."

कोपऱ्यातून जाऊबाईंनी विचारलं, "कदीपासून?"

"बरेच दिवस झाले," मी म्हणाले. एकदा सुरू केलेलं खोटं थांबवता येत नाही.

तखतावरचा कडक तुकडा नणंदेने गुंडाळून फाटकाबाहेर नेऊन दिला. सासूबाई तखतापाशी आल्या. वीत पसरून त्याची लांबी मोजली आणि मला विचारलं, "याच्यावर पाय तरी मावत होते का त्याचे?"



"बाहेर, तखतावर" हे माझं वाक्य माझ्याआधी सगळीकडे पोचलं. भेटायला येणाऱ्या बायका आता जरा वेगळ्या सुरात बोलत. आम्हाला मूलबाळ नाही, त्याचाही अर्थ कुणीतरी या गोष्टीशी जोडला. एक ओळखीच्या बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "तरी तुमाले एकटं निजायची सवय होती म्हणा, नाई तं लय जड जाते." मी मान हलवली. मग त्यांच्यासाठी चहा करायला आत गेले आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिले.

एका माणसाची आयुष्यभराची जागा मी दोन शब्दांत त्याच्याकडून काढून घेतली होती, आणि तो काही म्हणू शकत नव्हता.

पावसाळा सरताना मी अकोल्याला गेले. सासूबाई ओसरीत तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी आपणच बसले आणि सुपातली डाळ पुढे ओढून निवडायला लागले.

बऱ्याच वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तो एकटा निजतच नोता. कॉलेजात गेला तरी माह्या खाटीला खाट लावून निजे. भेव वाटे त्याले."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

"आई, ते एकटे झोपत नव्हते," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. ते माझ्याजवळच होते. शेवटपर्यंत."

त्यांचे हात थांबले. "मंग काहून सांगतलं तसं?"

"इतक्या लोकांसमोर बाजू दाखवायची लाज वाटली. आणि त्यांची बाजू मला द्यायची नव्हती."

"लाज वाटली म्हणते," त्या म्हणाल्या. "अन् माह्या लेकराले बाहेर निजवलं, तवा नाई वाटली?"

 सुपातले दाणे दिसेनात. त्यांनी सूप माझ्या हातातून काढून घेतलं, पाखडलं, खाली ठेवलं.

"त्याची बाजू हाय अजून?"

"आहे."

"आणून दे मले."

"तुम्हाला कडक होईल ती. हाडं दुखतील."

"हाडं माही हायत," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ राहीन तो."

नाही म्हणण्याचा हक्क मी तेरवीच्या आदल्या दिवशीच घालवला होता. घरी आले, मधली चेन उघडली आणि तो अर्धा बाहेर काढला. चार-पाच दिवस तो माझ्या उशाशी गुंडाळून ठेवला. मग जुन्या साडीत बांधला आणि एसटीने अकोल्याला नेला. बसमध्ये तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून मांडीवर घेतला. मूर्तिजापूरला शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "काय हाय हे एवढं?"

"आमच्या ह्यांची गादी आहे," मी म्हणाले. त्या बाईने सरकून मला थोडी जास्त जागा दिली.

सासूबाईंनी थर खाटेवर अंथरला, त्यावर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "लयच कडक हाय वं हे." तरी त्या त्यावरच झोपतात. फोनवर कंबर दुखते म्हणतात, पण तो काढून टाकायचं नाव काढत नाहीत.

नणंदेला, जाऊबाईंना, शेजाऱ्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सासूबाईंनी सांगितलं का, हे विचारलेलं नाही.

पलंगावर माझा अर्धा थर आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात नुसती कापसाची गादी आहे, चार बोटं खाली. मी माझ्या बाजूला झोपते.