भालचंद्ररावांची वाचणारी बाई

भालचंद्रराव माझे शेजारी. नया बाजारातल्या आमच्या गल्लीत समोरासमोर दारं. माणूस भला, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! उभा जन्म नळखात्यात काढला, दिवसभर ठेकेदारांशी हिंदीत भांडले, आणि घरात पाऊल टाकलं की मराठीशिवाय शब्द नाही. माझ्या तोंडून चुकून 'सब्जी' गेलं की लगेच, "उषाताई, भाजी म्हणा, भाजी. जीभ झिजत नाही." अहो, सात पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, फौजेबरोबर आलेल्या पूर्वजांचं मूळ गावसुद्धा यांना धड ठाऊक नाही, तरी हा तोरा!

डोळे अधू झाले तेव्हा शरयूवहिनी त्यांना रोज कॉम्प्युटरवर पुण्याचा पेपर वाचून दाखवायच्या. अग्रलेख, वाचकांची पत्रं, भाज्यांचे भाव, काही सोडायच्या नाहीत. पुण्यात कोथिंबीर महागली की यांचा जीव इथे खालीवर. मी म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय? आपल्या इथे बाड्यावरच्या बाजारात स्वस्त आहे ना?" तर म्हणायचे, "कळायला नको?"

वहिनी गेल्या आणि घर सुन्न झालं. मुलगा यशोधन बँकेत. घरातलं सगळं बोलणं हिंदीवर आलेलं, बाबांशी तेवढं अर्धं मराठी. नात उन्नती नोकरीला इंदूरला निघाली, पण जाण्याआधी तिने एक शहाणपणाचं काम केलं. ब्राउझरमध्ये पानावरचं मराठी मोठ्याने वाचणारं एक एक्स्टेन्शन बसवलं, आणि आजोबांच्या बोटाला सापडावं म्हणून कीबोर्डच्या एका कळीवर शर्टाचं बटण चिकटवलं. ते दाबलं की एक बाई स्वच्छ मराठीत पेपर वाचायची. जाहिरातीही वाचायची बिचारी. "बाई, पुढे चला!" असं हे ओरडायचे. मी पडले दमेकरी, चार ओळी वाचल्या की धाप लागते. तेव्हा मीसुद्धा दुपारच्या चहाला जाऊन तिचंच ऐकायची. वहिनींची सर तिला कुठून येणार? पण त्या घरात मराठी ऐकू यायची ती तेवढीच.

मग एके दिवशी बाई गप्प झाली. पडद्यावर चौकट आली की पुढे चालू ठेवायचं तर सगळ्या वेबसाइटवरचं सगळं वाचायची आणि बदलायची परवानगी द्या. यशोधनने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, ये अब सब कुछ पढ़ेगा. बनवणाऱ्यांनी हे दुसऱ्या कुणाला तरी विकून टाकलंय."

"वाचू दे की. वाचायलाच ठेवलीय तिला."

"मजाक नाही, बाबा. तुमची पेन्शन, माझं काम, सगळं याच कॉम्प्युटरवर. पासवर्डसुद्धा."

"माझं नेऊन नेऊन काय नेणार?"

"तुमचं एकट्याचं नाही ना. सगळ्या घराचं जाईल."

पोरगा खरं बोलत होता, आणि त्याचाच मला राग आला. चुकीचं बोलला असता तर चांगली चार वाक्यं सुनावली असती. भालचंद्ररावांनी त्या बटणावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काढून टाक." आणि चहा तसाच टाकून आत गेले.

त्यानंतर मी गेले की विचारायचे, "आज काय आलं असेल हो पेपरात?" शेवटी यशोधनला गल्लीत गाठून म्हटलं, "अरे, तुझ्या त्या सेफ्टीने बापाच्या तोंडचा घास गेला की रे!" त्याचे डोळे भरून आले. वाईट नाहीये हो तो. रविवारची सगळी दुपार कॉम्प्युटरला चिकटून बसला आणि मग मला हाक मारली, "काकू, आ जाओ, हो गया! कॉम्प्युटरचा स्वतःचाच वाचणारा आहे. कसलीच परवानगी नको, एकदम सेफ."

त्याने बाबांचं बोट धरून बटणावर ठेवलं. बाई बोलू लागली. पेपर तोच, अक्षरं तीच. पण बाई हिंदीतली होती. देवनागरी दिसली की तिला सगळी हिंदीच वाटायची. स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगतात ना, त्या चालीवर तिने अग्रलेख सुरू केला.

मी तोंड उघडणार, तोच भालचंद्ररावांनी माझं मनगट दाबलं.

"यशो, आधीच्या बाईत आणि हिच्यात तुला काही फरक वाटतो का रे?"

यशोधनने कान लावला. अगदी मनापासून ऐकलं त्याने, भुवया आवळून. "नाही, बाबा. वही तो है. आवाज कमी वाटतोय का? वाढवू?"

"नको. छान आहे."

"नक्की ना?"

"हो रे बाळा. छान आहे."

तो खूश होऊन आत बायकोला सांगायला गेला. माझा मात्र तिळपापड झाला. "छान काय, कप्पाळ! थांबा, मी सांगते त्याला. मराठी आवाज कुठेतरी मिळेल, शोधून काढेल तो."

"काढेल हो. गुणी आहे. सांगितलं तर आजच शोधेल." बाई वाचतच होती. त्यांच्या अधू डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "पण फरक आहे हे त्याला सांगावं लागेल, उषाताई."