खविसाचा जबाब

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. आरोपीचा चेहरा आठवतो तर गाव आठवत नाही, गाव आठवते तर गुन्हा आठवत नाही. पण एका खविसाची मी पंचांसमोर रीतसर चौकशी केली, ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. ऐकणारे हसतात. हसण्यासारखी ती होतीच. फक्त त्या दुपारी एका निरपराध बाईचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून मला तेव्हा हसता आले नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बीबी गावाच्या पलीकडे, जिथे वऱ्हाडी बोली मराठवाड्याकडे झुकू लागते, तिथल्या एका ठाण्यात माझी ठाणेदार म्हणून बदली झाली. कार्यभार घेताना आधीच्या अधिकाऱ्याने एकच गोष्ट अभिमानाने सांगितली. इथले डी.बी. पथक, म्हणजे गुन्हे शोध पथक, जिल्ह्यात भारी आहे. चोरी झाली की चार-दोन दिवसांत माल हजर.

पथकात एक जुना हवालदार आणि त्याच्या हाताखाली दोन शिपाई होते. हवालदार निवृत्तीकडे झुकलेला, अंगाने भरदार, बोलायला मऊ. कागदोपत्री काम चोख होते. एकच गोष्ट मला खटकायची. केस डायरीत ‘गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाली’ एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा येई. बातमीदार कोण, विचारले की तो म्हणे, “हाय एक, साहेब. जुना माणूस हाय.” मुद्देमालाच्या खोलीत उदाचा वास येई आणि कोपऱ्यात लिंबे, बिब्बे पडलेले असत. त्याबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, “उंदरांसाठी.” लिंबाला भिणारा उंदीर मी पाहिला नव्हता. पण नवीन होतो, गप्प राहिलो.

हिवाळ्याचे दिवस होते. जवळच्या एका गावात चाळिशीतला एक शेतकरी स्वतःच्या विहिरीत मेलेला सापडला. हरभऱ्याला पाणी द्यायला दुपारी गेला तो संध्याकाळी परतला नाही, सकाळी प्रेत तरंगले. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा केला. गावात दोनच तर्क होते. तोल गेला, नाहीतर कुणी ढकलले.

वैद्यकीय अधिकाऱ्याने मला एकट्याला बाजूला नेऊन सांगितले, की डोक्याच्या मागे मार आहे, तो पाण्यात पडण्याआधीचा आहे, आणि तो लोखंडी, जड वस्तूचा असावा. ही माहिती मी कुणालाही सांगितली नाही, पथकालाही नाही. प्रेताच्या अंगावरची एक तरी गोष्ट तपास अधिकाऱ्याने स्वतःपाशी ठेवावी, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवले होते.

मृताचा धाकटा भाऊ रोज ठाण्यात येई. विहीर दोघांच्या सामाईक मालकीची होती. तो बाकावर बसून राही आणि मला पाहिले की उठून म्हणे, “साहेब, शेजारणीले उचला. धुऱ्यावरून तिचं अन् माह्या भावाचं भांडण होतं.”

शेजारीण म्हणजे बौद्ध समाजातली एक विधवा बाई. नवरा गेल्यावर शेत स्वतः कसत होती आणि मुलीला डोणगावला शिकायला ठेवले होते. मी तिचा जबाब घेतला होता. शेताच्या बांधावरून भांडण झाले होते हे तिने लपवले नाही. तिच्याविरुद्ध दुसरे काहीच नव्हते, म्हणून मी तिला परत पाठवले होते.

मग एके सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. “साहेब, लवकर या. बाईच्या घरापुढं गाव जमून राह्यलं. खविसानं तिचं नाव घेतलं.”

“कुणी नाव घेतलं?”

पाटील जरा घुटमळला. “खविसानं. तुमच्या हवालदारानं आणला होता काल पारावर.”

जीप घेऊन पोहोचलो तेव्हा माणसे कुडापर्यंत आली होती. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या. सोबत आणलेले चार पोलीस दारात उभे केले, जमावाला मागे हटायला सांगितले आणि जो हटणार नाही त्याचे नाव लिहून घ्यायला लावले. नाव लिहायला सुरुवात झाली की आपल्याकडचा जमाव विरळ होतो, हा माझा अनुभव आहे. त्या दिवशीही झाला.

बाई आत चुलीपाशी बसली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलीची पुस्तके. तिने मला पाणी दिले.

“भीती वाटते का?” मी विचारले.

“भुताची नाही वाटत, साहेब. आमच्या घरात भुताले जागाच नाही. पण मी नाही मानत म्हणून काय झालं? गाव मानते ना. काठी तर गावाच्याच हातात हाय.”

मी घरावर बंदोबस्त ठेवला आणि ठाण्यात येऊन हवालदाराला समोर उभे केले. त्याने काहीही लपवले नाही. पलीकडच्या गावात एक भगत होता. त्याच्या अंगात खवीस येई आणि चोर कोण, माल कुठे, ते सांगे. पथकाने गेल्या कित्येक चोऱ्या अशाच उघडकीला आणल्या होत्या. एरवी खवीस आमच्या मुद्देमालाच्या खोलीतच येई, तोही भर दुपारी.

“दुपारी का?”

“बाबाची शेवटची एस.टी. पाच वाजता असते, साहेब.”

ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर जादूटोणाविरोधी कायद्याचा फलक होता. त्या कायद्याचा दक्षता अधिकारी म्हणून खाली माझाच हुद्दा लिहिलेला होता. मी हवालदाराला फलकापुढे नेले आणि मोठ्याने वाचायला लावला. त्याने शांतपणे वाचला. मग म्हणाला, “पण साहेब, खवीस खोटं बोलत नाही. आजवर एकदा बी माल चुकला नाही.”

“मग कोर्टात साक्षीला येईल का?”

त्याने खरोखर विचार केला. “कोर्टात नाही येत तो. तिथं शपथ घ्या लागते.”

त्याच्यावर कारवाई करायचीच होती, ती मी वरिष्ठांना कळवली. पण त्याच्या एका वाक्याने मला थांबवले. एकदाही माल चुकला नाही. चोरीची पाण्याची मोटार नेमकी कुठल्या कडब्यात दडवली आहे हे भगताला कळते, याचा अर्थ कुणीतरी त्याला सांगते. आणि गुन्हेगाराशिवाय ते ठाऊक तरी कुणाला असणार? मग या खुनाबद्दलही त्याला काही कळलेले असू शकते. नुसता भगत उचलला असता तर तो गप्प बसला असता, आणि साहेब खविसाला भ्याले असे गाव म्हणाले असते. बाईवरचा संशय तसाच राहिला असता.

उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना फोन करून मी बेत सांगितला. मग ते म्हणाले, “राक्षसाची चौकशी करणार तुम्ही? लेखी परवानगी मागू नका. पण पंच घ्या आणि चित्रीकरण करा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी भगत मुद्देमालाच्या खोलीत आला. वाळकासा, साठीचा, कपाळभर शेंदूर. दोन पंच, पोलीस पाटील आणि कॅमेरा धरलेला शिपाई भिंतीला टेकून उभे होते. नवे साहेबही आपल्याला मानू लागले, असे त्याला वाटले असावे. घुमायला लागला, मान गरगर फिरली, घशातून घोगरा आवाज निघाला. “काऊन बोलावलं बे मले?”

मी कागद पुढे ओढला. “जबाब घ्यायचा आहे. पूर्ण नाव सांगा.”

“खवीस.”

“वडिलांचं नाव?”

घुमणे जरा मंदावले. हवालदार माझ्या कानाशी वाकला. “साहेब, त्याले बाप नसते.”

“निरंक लिहितो,” मी म्हणालो. “राहणार?”

“चिंचेवर.”

“चिंच कोणत्या शिवारात?”

भगताने एक डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटला. पोलीस पाटलाने रुमाल तोंडाला लावला. मी मात्र प्रत्येक उत्तर लिहून घेत होतो आणि ते वाचून दाखवत होतो. साध्या प्रश्नांनी माणूस जितका दमतो तितका धमकीने दमत नाही.

“तुम्ही घटना स्वतः पाहिली, की कुणाकडून ऐकली?”

“मी समदं पाहतो.”

“मग सांगा, बाईनं त्याला कसं मारलं?”

“हिरीत ढकललं.”

“तो तिच्या दुप्पट होता. विहिरीचा काठ कमरेएवढा उंच आहे. एकटीनं ढकललं कसं? तुम्ही पाहिलं नसेल तर तसं लिहितो.”

खविसाला राग आला. “पाह्यलं ना. आधी मागून डोक्यात पाना हाणला. मग उचलून टाकला.”

मी लेखणी खाली ठेवली. डोक्यातला मार मला आणि डॉक्टरांना ठाऊक होता. पण तो पान्याचा आहे हे मलाही ठाऊक नव्हते. त्या खोलीत खवीस माझ्यापेक्षा जास्त जाणत होता.

“तुमचा जबाब झाला,” मी म्हणालो. “आता तुम्ही जा. मला बाबांशी बोलायचं आहे.”

खवीस काही जाईना. घुमत राहिला. मी सगळ्यांसाठी चहा मागवला. भगताच्या पुढ्यातला चहा गार झाला, साय धरली. मी त्याला म्हणालो, की आम्हाला घाई नाही, एस.टी. गेली तर जेवण ठाण्यातच देऊ. थोड्या वेळाने त्याने कपाळ पुसले, पाणी मागितले आणि आपल्या साध्या आवाजात विचारले, “काय म्हणे तो?”

“पाना म्हणे. कुठं आहे पाना?”

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग पंचांकडे, मग कॅमेऱ्याकडे. आणि रडू लागला.

“मी काय करू साहेब? माह्याकडं समदेच येतात. चोर बी येते, सापडू नये म्हणून बंदोबस्त करून घ्यायले, ज्याची चोरी झाली तो बी येते, अन् तुमचे लोक बी येते.”

धाकटा भाऊ त्याच्याकडे आला होता. पाण्याच्या पाळीवरून दोघांत जुंपली, हातात मोटारीचा पाना होता, तो त्याने मारला. मेलेला भाऊ छळू नये म्हणून तो पाना घेऊन भगताकडे गेला. भगताने पाना लाल फडक्यात बांधून खविसाच्या ओट्याखाली पुरला. भावाचे भूत त्यात बांधून टाकले, असे त्याला सांगितले.

“मग बाईचं नाव का घेतलं?”

भगताने डोळे पुसले. “कोणाचं तरी घ्या लागत होतं. ती कधी माह्या पायरीवर आली नाही.”

सबंध गावात एकच घर असे होते जे त्याच्या दारात गेले नाही, आणि त्याच घरावर त्याने काठ्या पाठवल्या. हवालदार दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पडला होता, पण अजून त्याला पूर्ण पटले नव्हते.

भगताचे निवेदन पंचांसमोर लिहून त्याच्यासह ओट्यापाशी गेलो. चिंचेखाली शेंदूर फासलेला चौथरा होता. खणायला मजूर तयार होईनात. दोघे टिकास टाकून घरी गेले. शिपायांनी नजर खाली घातली. मी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात हवालदार पुढे आला.

“द्या साहेब. मीच खणतो.”

पहिला घाव बसला तेव्हा त्याने डोळे मिटले होते. नंतर उघडले. गुडघाभर खड्डा झाल्यावर लाल फडके दिसले. आत मोटारीचा मोठा पाना, आणि त्याच्या जबड्यात अडकलेले केस. खुनाचे हत्यार आजवर आमच्या बातमीदाराच्याच ताब्यात होते. हवालदार खड्ड्यातच बसून राहिला. मी त्याला हात देऊन वर काढले.

धाकट्या भावाला ठाण्यात आणले. टेबलावर ते फडके पाहताच तो दोन पावले मागे सरला. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

“सोडलं का तुम्ही त्याले?” तो म्हणाला.

“कोणाला?”

“माह्या भावाले. त्यात बांधेल होता तो.” त्याने दाराकडे पाहिले. “मले घरी पाठवू नका, साहेब. इथंच ठेवा. कुलूप लावा.”

लॉकअपमध्ये जायला इतका उतावळा झालेला आरोपी मी पुन्हा पाहिला नाही. मग तो बसून सगळे बोलला. लहानपणी भावाने त्याला त्याच विहिरीत पोहायला शिकवले होते, हे सांगताना थांबला. पोलिसासमोर दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, म्हणून मी त्या कबुलीवर विसंबलो नाही. पाना, केसांचा तपासणी अहवाल आणि भगताची न्यायाधीशासमोरची साक्ष यांवर खटला उभा केला आणि शिक्षा झाली. भगतावर जादूटोण्याचा आणि पुरावा लपवल्याचा गुन्हा वेगळा नोंदवला. हवालदाराची विभागीय चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, मुख्यालयात बदली झाली. मीच अहवाल पाठवला होता. माझ्याविषयी त्याने कधी वाईट बोलल्याचे ऐकले नाही.

हे सगळे नंतरचे. धाकट्या भावाला अटक झाली तेव्हाच बाईला मी स्वतः जाऊन ते सांगितले. तिने विचारले, “माहं नाव कुठं घेतलं होतं?”

“पारावर.”

“मग तिथंच सांगा.”

असे सांगायची पोलीस नियमावलीत कुठे तरतूद नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेशात पारावर उभा राहिलो आणि जमलेल्या गावाला सांगितले, की या बाईचा या गुन्ह्याशी काहीही संबंध नाही, आणि तिच्या दारावर काठ्या घेऊन गेलेल्यांची नावे ठाण्यात आहेत. बाई एका बाजूला उभी राहून ऐकत होती. कुणी माफी मागितली नाही. एक म्हातारा सरकला आणि त्याने पारावर तिच्यासाठी जागा केली. ती बसली नाही. “हरभऱ्याले पाणी द्यायचं राह्यलं,” म्हणाली आणि शेताकडे निघून गेली.

पुढे बऱ्याच ठाण्यांत काम केले. भूत कुठेच नव्हते, पण घाईने दिलेले नाव हवे असणारी माणसे सगळीकडे भेटली. कधी गावकरी, कधी वर्तमानपत्रवाले, कधी वरचे साहेब. नाव मिळाले की सगळ्यांना हायसे वाटते, ज्याचे नाव असते तो सोडून. म्हणून कुणी नाव घेतले की मी एकच प्रश्न विचारत गेलो, जो खविसालाही विचारला होता. पाहिले, की ऐकले? या प्रश्नाने माझे अनेक तपास लांबले. त्याबद्दल वरिष्ठांचे बोलणेही खाल्ले. पण माझ्या हातून निरपराध माणसाच्या दारावर काठी गेली नाही, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी टोपी काढून ठेवताना मला तेवढे पुरेसे वाटले.