हद्दीबाहेरचा संघ

माझा संघ विलायतेतला आहे. त्यांच्या गावाचं नाव मला नीट घेता येत नाही, म्हणून मी त्यांना पिवळे म्हणते. शर्ट पिवळा, बाह्या काळ्या. मी चौथीपर्यंत शिकले, बिरवाडीत राहते आणि फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही. तरी शनिवार आला की पिवळ्यांचं काय झालं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हे लचांड भाडेकरूमुळे लागलं. घरामागे आमच्या खोल्या आहेत, त्यात कारखान्यातली माणसं राहतात. एका खोलीत केरळचा फिटर होता, पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला. त्याच सुमारास मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ‘हां’ एवढं एकच राहिलं. भूक लागली तरी हां, अंथरूण ओलं झालं तरी हां. मालिका लावली, भजन लावलं, क्रिकेट लावलं, मान भिंतीकडेच. एकदा फिटरचा टीव्ही बिघडला म्हणून तो आमच्याकडे सामना बघायला आला. मालकांनी मान वळवली आणि सामना संपेपर्यंत तशीच ठेवली. मी फिटरला म्हटलं, “दर शनिवारी येत जा.”

लोक म्हणतात मी मालकांची फार सेवा करते. करते, कारण दुसरं कोणी नाही. मुलगा-सून मुंबईला. आठवड्यातून एकदा दोन तास तो माणूस घरात आहे असं वाटायचं, बाकी वेळ नुसतं अंथरूण असायचं. म्हणून मला सामना हवा होता. खेळ मला कळत नव्हता.

मग बघून बघून कळायला लागला. पिवळे सारखे हरायचे.

“मग दुसरे कोणतरी घे की रे,” मी फिटरला म्हटलं. “ते लाल बरे दिसतात.”

“वो बदलने का नहीं होता, अम्मा.”

“नवऱ्यासारखं हाय म्हण की.”

तो पोट धरून हसला. मालक म्हणाले, “हां.”

तिकडची रीत अशी आहे की वरच्या वर्गात वीस संघ असतात आणि वर्षाच्या शेवटी तळाचे तीन खालच्या वर्गात घालतात. आमच्या शाळेत चौथीत नापास झालं तर चौथीतच बसवायचे, उचलून तिसरीत कोणी घालत नव्हतं. मला ही रीत तेव्हाही पटली नाही आणि आताही पटत नाही.

गेल्या साली फिटरचं कंत्राट संपलं आणि तो गुजरातला गेला. जाताना टीव्हीत सगळं लावून, मला कुठलं बटण दाबायचं ते शिकवून गेला. सामना संपला की गुजरातहून फोन करायचा. थंडीत पिवळे ओळीने हरत गेले. एकदा तो फोनवर जड आवाजात म्हणाला, “अम्मा, ये लोग नीचे गया तो टीव्ही पे नहीं आएगा. नीचे वाला इधर दिखाता नहीं.”

हे मला माहीत नव्हतं. खाली जातील, एवढंच वाटत होतं. दिसायचेच बंद होतील हे डोक्यात आलं नव्हतं. तिकडच्या माणसाचं काय, तो पुढच्या शनिवारी चालत मैदानावर जाईल. मी कुठे जाऊ? आणि मालक पुन्हा भिंतीकडे मान करतील.

मी इथून काय करणार? म्हैस अडली तर हात घालून पारडू ओढता येतं, मी ओढलंय. भाताला कीड लागली तर औषध मारता येतं. इथे हातच पोहोचत नव्हता. माझी हाक त्या गोलकीपरला ऐकू जात नाही आणि माझ्या उपासाचा त्याला पत्ता नाही. करण्यासारखं एकच होतं. शेजारणीला मालकांपाशी बसवलं आणि गावी जाऊन देवीला कौल लावायचं ठरवलं.

आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. पोलादपूरला गाडी बदलून कापड्याला उतरायचं, पुढे चढण. गुडघे आता नाही म्हणतात. वाडीत पोचले तर जाऊ दारातच बसली होती.

“गोऱ्या पोरांसाठी नारळ घेऊन आलीस गो? सासूसाठी तर कधी फोडला नव्हतास.”

“सासूला खालच्या वर्गात घालत नव्हते,” मी म्हटलं आणि देवळात गेले.

कौल गुरव लावतो. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, गुराचं दुखणं, आम्ही सगळं असंच विचारतो. गुरव माझ्यापेक्षा थोडा लहान. त्याने माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, “ह्या कुठल्या हद्दीत येतं वयनी?”

“विलायतेत.”

“मग नाय जमायचं. आपल्या देवीची हद्द खाली वहाळाच्या पाण्यापतुर. पलीकडचं काम ती हातात घेत नाय. आधी तिथल्या देवीला मान गेला पायजे. तिथला गुरव कोण?”

“तिथं गुरव कुठला रे? तिथं मॅनेजर असतो.”

“मग त्याला सांग.”

“त्याला काढला. आता तिसरा हाय.”

गुरवाने डोकं खाजवलं. नारळ तर मी आणला होता, परत कसा नेणार? शेवटी तो मालकांबद्दल म्हणाला, “दादा ह्याच वाडीत जन्मला, आपल्या हद्दीतला हाय. त्याच्या नावानं लावतो. दादाला पुढच्या साली खेळ बघायला मिळंल का, असं विचारतो. चालंल?”

मला चाललं. दोन्हीचा अर्थ एकच, असं तेव्हा वाटलं. पिवळे राहिले तरच मालकांना बघायला मिळणार होतं. गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी कळी पडली. गुरव म्हणाला, “झालं. सुखानं जा.” मी उतरताना गुडघ्यांकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

शेवटचा सामना रविवारी होता, आमच्या जेवणाच्या वेळी. बरोबरी झाली तरी पिवळे वर राहणार होते. मी मालकांना पेज भरवत होते. एकही गोल होत नव्हता आणि मला तेच हवं होतं. खेळ संपत आला तसा चमचा माझ्या हातातच राहिला. समोरच्याने लांबून साधा चेंडू मारला, कोणीही धरला असता असा. “धर रे,” मी ओरडले. गोलकीपरच्या हातातून तो सुटला, दोन पायांमधून गेला आणि आत जाऊन थांबला.

“हां,” मालक म्हणाले. डोळे चकाकत होते.

“अहो, आपल्यावर झालाय तो!”

“हां.”

पिवळे मैदानावरच बसले. एक उंच गडी शर्टात तोंड खुपसून रडत होता. मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते ठरवता आलं नाही. फिटरचा फोन आला. “गया, अम्मा,” एवढं म्हणाला आणि ठेवला. पेज गार झाली होती, तीच भरवली.

मधले महिने टीव्हीवर सामना नव्हता. मालक भिंतीकडे. भाताची लावणी उरकली त्या सुमारास तिकडे पुन्हा खेळ सुरू झाला. पिवळे नव्हते. शनिवारी बटण दाबलं तर कोणतरी निळे आणि कोणतरी पांढरे धावत होते. मालकांनी मान वळवली. निळ्यांचा गोल झाला, “हां.” पांढऱ्यांचा झाला, “हां.” त्यांना कोण कुठला याचं काही नव्हतं. हिरव्यावर सगळे चेंडूमागे पळतायत एवढं पुरत होतं. ते कधी पिवळ्यांचे नव्हतेच.

देवी खोटी पडली नाही. मालकांना बघायला मिळेल म्हणाली होती, मिळालं. माझ्यासाठी कौल कोणी लावलाच नव्हता.

आता दर शनिवारी त्यांना सामना लावून देते आणि मी मागल्या दारी तांदूळ निवडत बसते. आतून हां ऐकू येतं. संध्याकाळी फिटर फोन करतो. त्याच्या मोबाइलवर पिवळ्यांच्या सामन्याचा नुसता गोलांचा आकडा येतो, तो मला सांगतो. परवा म्हणाला, “अम्मा, आज भी हारा.”

“कोणी घातला गोल?” मी विचारलं. “कसा घातला?”

त्यालाही ते माहीत नव्हतं.