पिशव्यांची अदलाबदल

मला त्या वासाची किळस आहे. जळक्या साखरेचा, अंगाला चिकटणारा गोडूस वास. माझा दादा कामावरून आला की आधी तो वास घरात शिरायचा, मग दादा. वहिनी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, तर पाणी तपकिरी व्हायचं. शी!

दादा न्याहारीचं सीरियल बनवणाऱ्या कारखान्यात पाक करायचा. दुधात टाकून खायच्या छोट्या कड्या असतात ना, त्यांच्या शेडमध्ये. मैद्याच्या पांढऱ्याफटक कड्या भट्टीतून यायच्या, हा त्यांच्यावर पाक आणि तपकिरी रंग ओतायचा, मोठं पिंप गरागरा फिरायचं, आणि पलीकडे ‘धान्याची ताकद’ छापलेल्या खोक्यात माल पडायचा. सगळे त्याला पाकवाला म्हणायचे. हसरा, कामाला वाघ, आणि खाण्याच्या बाबतीत स्वतःला दीडशहाणा समजणारा.

कामगारांना दर आठवड्याला फुटक्या मालाची एक पिशवी फुकट मिळायची. फुकट ते पौष्टिक! पण दादानं स्वतःची पिशवी कधी घरात आणली नाही. “मी काय ओततो ते मला माहीत आहे. ते माझ्या पोरांच्या पोटात घालू?” म्हणायचा. शेजारच्या शेडमध्ये अख्ख्या गव्हाचे फ्लेक्स व्हायचे आणि तिथं त्याचा जिवलग दोस्त होता, लंबू. सुट्टी झाली की फाटकापाशी दोघं पिशव्या बदलायचे. आणि हे दोघंच नव्हेत हं! सगळा कारखाना तिथं उभा राहून हाच धंदा करायचा. जो तो आपल्या शेडचं सोडून दुसऱ्याचं खायचा.

मग काय, दादाच्या घरी रोज सकाळी फ्लेक्स. वाडगं भरून, वर आणखी मूठभर. मी एकदा म्हटलं, “दादा, हे एवढं गोड कसं रे लागतं?”

“गव्हाचा मूळचा गोडवा आहे तो. तुला काय कळतंय त्यातलं!”

मी आपली वाडगी विसळायला उठले. मोठ्या भावापुढे किती बोलणार?

पुढे दादाला मधुमेह जडला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सकाळी काय खाता?” दादा छाती फुगवून म्हणाला, “अख्खं धान्य. रोज.” त्या खूश. म्हणाल्या, “ते मात्र सोडू नका. कोंड्यासकट धान्य वर्षानुवर्षं पोटात गेलं तर साखरेलाही बरं आणि हृदयालाही.” त्यांचं काही चुकलं नाही. अख्खं धान्य चांगलंच, फक्त ते पिशवीत असायला हवं ना! दादानं चहातली साखर सोडली, गोडधोड सोडलं, आणि सकाळचं वाडगं मोठं केलं.

साखर काही हटेना. गोळ्या वाढल्या. मग पायाला बूट चावला, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. पट्टी सोडली की नाकावर रुमाल धरूनही ओकारी यायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, साखर खाली आली नाही तर पाऊल जाईल. वहिनी रडून रडून अर्धी झाली.

अशात लंबू भेटायला आला. हातात पिशवी!

“वहिनी, याची या आठवड्याची राहिली होती. म्हटलं, न्याहारीचं अडायला नको.”

मी पिशवी घेऊन उघडली आणि तोच वास आला. दादाच्या कपड्यांचा.

“लंबूभाऊ, खरं सांगा. तुम्ही घरी हे खाता?”

“मी? छे छे! मैदा तो, वर पाक, आणि दिसायला चिमूटभर कोंडा. मीच तर करतो. आम्ही आपल्या पाकवाल्याच्या कड्या खातो.” बोलून गेला आणि मग जीभ चावली.

मला वाटलं, आता दादा पिशवी त्याच्या तोंडावर फेकणार. मी तर फेकलीच असती. पण दादा भांडणार कोणत्या तोंडानं? आपलं ठेवावं झाकून, हे दोघांनीही इमानेइतबारे पाळलं होतं. आपण काय देतोय ते प्रत्येकाला पक्कं ठाऊक, आणि वर खांद्यावर हात टाकून फिरायचे. दोस्त म्हणे! त्या जखमेपेक्षा जास्त किळस मला त्या दोघांची आली. हो, माझ्या सख्ख्या भावाचीसुद्धा.

दादानं विचारलं, “तुझी ती लहानगी नातपण माझ्या कड्या खाते?”

“तीच तर खाते,” लंबू जमिनीकडे बघत म्हणाला. “दुसऱ्या कशाला तोंडच लावत नाही.”

दादानं पांघरूण पायावर ओढलं.

“नको देऊस तिला.”

दादाचं पाऊल वाचलं नाही. ते दुःख मी एक वेळ गिळेन. पण हे तीन शब्द इतकी वर्षं फाटकापाशी त्याच्या तोंडातून निघाले नाहीत, ते कसं गिळू?